आमची शिरित्सु शाळा

माझ्या नवऱ्याला जपानी येतं, असा निदान पहिल्या वर्षी त्याचा समज होता. तो पुढे जाऊन जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेत रुजू झाला होता, मी आणि लेक अजून पुण्यात होतो, आणि रोज फोनवर तो आम्हाला एखादा नवा शब्द ऐकवायचा. सुपरमार्केटमधल्या बाईंशी, पोस्टातल्या माणसाशी, लॅबमधल्या सगळ्या अमुक-सान तमुक-सानशी म्हणे तो जपानीतच बोलायचा. समोरून काय उत्तर यायचं, ते मात्र तो कधी सांगायचा नाही.

अशाच एका फोनवर तो भलताच खुशीत होता.

"शाळेचं काम झालं," तो म्हणाला. "सिटी ऑफिसला जाऊन आलो. घरापासून चालत जाता येईल अशी शाळा आहे. एप्रिलपासून हिला पहिलीत घेतायत. आणि ऐक, शिरित्सु आहे!"

"म्हणजे काय?"

"प्रायव्हेट. काउंटरवरची बाई दोनदा म्हणाली, शिरित्सु, शिरित्सु. मी तिथंच मोबाइलवर अर्थ बघितला. पहिलाच अर्थ, प्रायव्हेट."

मी हुरळले. पुण्यात मी एका नावाजलेल्या खासगी शाळेत शिकवत होते. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या फाटकाबाहेर आईबाप कसे ताटकळत उभे असायचे, कुणाकुणाच्या ओळखी काढायचे, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. इथं एका फेरीत काम झालं होतं. सिटी ऑफिसातली बाई खासगी शाळेत प्रवेश कशाला देईल, हा साधा प्रश्न आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. मला वाटलं, जपान आहे, तिथं सगळं एका खिडकीवर होत असणार.

आईला सांगितलं तर ती उठून देवापुढे साखर ठेवून आली. जपान म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे टीव्हीवर बघितलेलं ते त्सुनामीचं काळं पाणी यायचं. त्या भूकंपाला आता काही वर्षं झाली असं कितीही सांगितलं, तरी तिच्या लेखी तो कालच झालेला होता. "त्या हलणाऱ्या देशात पोरीला नेतेस," ती म्हणाली, "निदान शाळा तरी चांगली मिळाली." तिनं ते मावशीला सांगितलं, मावशीनं साऱ्या नात्यात सांगितलं, आणि आम्ही विमानात बसायच्या आत माझी लेक जपानमधल्या बड्या खासगी शाळेत पोचलीसुद्धा.

मी तिच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेतली होती. इंग्रजीतून स्वतःची ओळख, रंगांची नावं, अभिनयासह एक कविता. इथं आल्यावर कोणी काही विचारलंच नाही. शाळेतल्या एका बाईंनी तिच्या डोक्यावर पिवळी टोपी घालून बघितली, ती डोळ्यांवर आली, मग त्यांनी लहान मापाची टोपी आणून दिली. मुलाखत संपली.

पहिल्या दिवसाच्या समारंभाला मी ठेवणीतली साडी नेसून गेले. बाकीच्या आया फिकट रंगाच्या सुटांत, मोत्यांच्या माळा घालून आल्या होत्या आणि माझ्याकडे बघून गोड हसत होत्या. वर्गात प्रत्येक मुलाच्या बाकावर नव्याकोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवला होता. पैसे कुणी मागितले नाहीत. बिल मागाहून येईल, असं नवरा म्हणाला. इथली मुलं पाठीवर नेतात ते चौकोनी, जड दप्तर आम्हाला खालच्या मजल्यावरच्या ताईंनी दिलं. ताई मूळच्या साताऱ्याच्या, नवरा जपानी, इथं राहून पंचवीसेक वर्षं झालेली. त्यांची मुलं याच शाळेत शिकून मोठी झाली होती. त्या मुलांना मराठीत काहीही विचारलं की सगळं कळायचं आणि उत्तर जपानीत यायचं. त्यातल्या धाकटीचं दप्तर ताईंनी माळ्यावरून काढून, पुसून आमच्या हातात ठेवलं.

एप्रिल संपत आला, तरी बिल येईना. मग एका संध्याकाळी लेकीनं मोरीतलं फडकं ओलं करून घेतलं, दोन्ही हात त्यावर टेकले, बूड वर केलं आणि स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत फरशी पुसली. "शाळेत अस्संच करतात, रोज," ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. एवढ्या मोठ्या खासगी शाळेत सहा वर्षांच्या पोरांकडून फरशा पुसून घेतात? मी तरातरा खाली ताईंकडे गेले.

"अगं, कसली खासगी?" ताई म्हणाल्या. "म्युनिसिपालिटीची शाळा आहे ती."

"पण हा म्हणाला, शिरित्सु आहे."

ताई हसत सुटल्या. हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. "शिरित्सु दोन असतात गं बाई. एकातला शि म्हणजे शहर, दुसऱ्यातला शि म्हणजे खासगी. लिहायचं अक्षर वेगळं, बोलायला तंतोतंत एक. इथल्या लोकांचासुद्धा घोळ होतो, म्हणून नीट सांगायचं असलं की शहराच्या शाळेला इचिरित्सु म्हणतात आणि खासगीला वाताकुशिरित्सु. तुझ्या नवऱ्यानं पहिला अर्थ बघितला आणि खूश झाला."

"मग फी?"

"नाही. दुपारच्या जेवणाचे आणि वरच्या सामानाचे काय ते थोडे घेतील. बाकी शिकवणं फुकट, पुस्तकं फुकट. परदेशातलं मूल असलं तरी तेच."

म्युनिसिपालिटीची शाळा. पुण्यात आमच्या घरासमोरच्या गल्लीत एक होती. तिच्या फाटकावरून मी लहानपणापासून रोज गेले, आत एकदाही गेले नाही. माझ्या ओळखीतलं कोणी तिथं शिकलं नव्हतं, आणि मी ज्या शाळेत शिकवत होते तिथले आईबाप तर अशा शाळेचं नाव मुलांना धाक दाखवायला घेत. आता आईला काय सांगायचं, मावशीला काय सांगायचं, या विचारानंच मला घाम फुटला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. भाषापंडित म्हटलं, शहर आणि खासगी यातला फरक कळत नाही आणि लॅबमध्ये म्हणे भाषणं देतोस. तो आधी ओशाळला, मग विचारात पडला, आणि मग पुन्हा खूश झाला. "पण मग बरंच झालं की," तो म्हणाला. "शाळा तर चांगलीच दिसतेय. फुकट आहे म्हणून वाईट असं थोडंच आहे?"

एरवी मी या वादात तासभर काढला असता. पण त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट कळली होती, आणि ती जास्त जिव्हारी लागणारी होती. आमची लेक शाळेत बोलतच नव्हती. घरात तिची टकळी अखंड चालू असायची, माझ्याशी, बाबाशी, नळाशी, बाहुलीशी. शाळेच्या दारात पाऊल टाकलं की तोंड बंद. हजेरीला सगळी मुलं "हाइ!" म्हणजे "हो!" असं ओरडत, ही नुसता हात वर करायची. पाणी हवं असलं तरी मागायची नाही.

माझी कॉलेजातली मैत्रीण तोक्योत ओजिमाला राहत होती. तिथं सरकारी वसाहतीतल्या उंच इमारतींत बरीच भारतीय कुटुंबं, जवळच इंग्रजी माध्यमाची भारतीय शाळा. मी म्हटलं, मी आणि लेक ओजिमाला राहू. तू इथं राहा, सुटीच्या दिवशी ये.

"शाळेसाठी घर दोन ठिकाणी करायचं?" त्यानं विचारलं.

"पोरगी मुकी व्हायच्यापेक्षा परवडलं," मी म्हणाले.

शेवटी आम्ही असं ठरवलं, की इथलं शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, तोवर वाट बघायची. ती शाळेत बोलायला लागली तर तिघांनी इथंच राहायचं. नाही बोलली, तर मी आणि ती ओजिमाला. हे सगळं आम्ही इंग्रजीत बोललो, तिला कळू नये म्हणून, एवढं इंग्रजी तिला कुठलं येतंय असं धरून. ती शेजारी बसून चित्र रंगवत होती.

मे महिन्यात तिचे वर्गशिक्षक घरी आले. इथं शाळा सुरू झाली की शिक्षक एकेका मुलाच्या घरी जाऊन येतात, घर कुठं आहे, घरात कोण आहे ते बघतात. हे सेन्सेई तरुण होते, अंगात ट्रॅकसूट, सायकलवरून आलेले. मी दुभाषी म्हणून ताईंना बोलावून ठेवलं होतं, आणि सकाळपासून खपून बेसनाचे लाडू, चिवडा, आल्याचा चहा असा सगळा बेत केला होता. सेन्सेई उंबऱ्यात बूट काढून आले, गुडघ्यांवर बसले. मी बशी पुढे सरकवली. त्यांनी कमरेत वाकून ती थोडी मागे सरकवली. मी पुन्हा पुढे सरकवली. ते आणखी वाकले.

"शाळेचा नियम आहे गं," ताई कानात म्हणाल्या. "कुणाच्याच घरी काही घ्यायचं नाही."

"एक लाडू घ्यायला काय होतंय? त्यांना सांगा, घरचा आहे."

ताईंनी सांगितलं. सेन्सेईंचे कान लाल झाले. ती बशी आमच्या दोघांमध्ये एवढ्या वेळा पुढे-मागे गेली की शेवटी चहा सांडला, आणि तो पुसायला सेन्सेईंनीच खिशातून रुमाल काढला. माझ्या घरातून पाहुणा तोंड न हलवता गेला नव्हता कधी. मला मनातून रागच आला.

मग त्यांनी पेन्सिल काढली आणि एक चमत्कारिक प्रश्न विचारला. मराठीत "दुखतं" कसं म्हणतात? शू लागली असेल तर काय म्हणतात? पाणी? आणि एखादी गोष्ट नको असेल तर? मी सांगत गेले, ते स्वतःच्या लिपीत उतरवून घेत मोठ्यानं म्हणून बघत होते. "दुखतंय"चं त्यांनी "दुकुतेया" केलं. "नको" ऐकून ते खुदकन हसले, कारण जपानीत नेको म्हणजे मांजर. लेक पडद्यामागून बघत होती. ते गेल्यावर बाहेर येऊन तिनं मला दम दिला, "आई, त्यांना सांग ना, दुकुतेया नाही, दुखतंय!"

जाता जाता मी ताईंमार्फत विचारलं होतं, ही कधी बोलेल? सेन्सेई म्हणाले, "मला घाई नाही. ती सगळं ऐकते. बोलेल तेव्हा बोलेल. तोवर तिला काही हवं असलं तर मला कळलं पाहिजे, म्हणून हे शब्द." माणूस भला आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. पण त्याला घाई नव्हती आणि मला होती.

त्या वर्षात त्या फुकटच्या शाळेनं काय काय केलं, ते मी नाक मुरडत बघत होते, पण बघत होते. शिकवण्याचाच धंदा केलेला, तेव्हा डोळे मिटून घेणं जमणार नव्हतं. आठवड्यातून काही वेळा एक बाई लेकीला आणि चीनहून आलेल्या एका मुलीला छोट्या खोलीत नेऊन, चित्रं दाखवून जपानी शिकवायच्या. दुपारच्या जेवणात मासळीचं पाणी घातलेलं असे, आणि आम्ही पडलो शाकाहारी. तर शाळेनं महिन्याच्या जेवणातले मासळीचे पदार्थ आधीच कळवायला सुरुवात केली. त्या दिवशी तिच्यासोबत डबा द्यायचा. पण वर्गात गेल्यावर सेन्सेई डब्यातली भाजी शाळेच्याच वाडग्यात काढून द्यायचे, पोळी शाळेच्याच ताटलीत. डबा वेगळा दिसला की मूलही वेगळं दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढा विचार आमच्या पुण्याच्या शाळेत कुणी केला नव्हता. मीसुद्धा नव्हता केला.

मलाही त्यांनी सोडलं नाही. पालकांनी आळीपाळीनं सकाळी चौकात पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. सहावीतली एक मुलगी पुढे, मागे ओळीनं आमच्या वाडीतली सगळी पिवळ्या टोप्यांची पिल्लावळ, आणि त्यात माझी लेक. इथं घराबाहेर पडताना "जाते" म्हणत नाहीत, "जाऊन येते" असंच म्हणतात, आणि घरातल्यांनी "जाऊन ये" म्हणायचं. हे मात्र मला एका दिवसात जमलं, कारण आईनं आयुष्यभर तेच शिकवलं होतं. मुलं मला ओळखायला लागली. थंडीत नाकं लाल झालेली ती पोरं "मामा, ओहायो!" म्हणजे "आई, गुड मॉर्निंग!" असं ओरडत जायची आणि माझी सकाळ बरी जायची. लेक मात्र ओळीतून चालताना माझ्याकडे बघून फक्त हसायची.

शरद ऋतूत आम्ही ओजिमाला जाऊन आलो. स्टेशनाबाहेर पडलो तोच दुकानात कढीपत्त्याच्या जुड्या दिसल्या. वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून कोणीतरी "अहो, येताना दही आणा" म्हणून ओरडलं. मला तिथंच बसकण मारावीशी वाटली. भारतीय शाळेत एका हसऱ्या बाईंनी लेकीला इंग्रजीतून दोन प्रश्न विचारले आणि धरणाचं दार उघडावं तशी ती बोलायला लागली. बाहुलीचं नाव, आजीचं गाव, सेन्सेईंचं दुकुतेया, सगळं. तिला एप्रिलपासून जागा मिळेल असं त्या म्हणाल्या. मैत्रिणीनं एक रिकामी होणारी खोलीही बघून ठेवली होती.

परतीच्या गाडीत नवरा मांडीवर कढीपत्त्याची पिशवी घेऊन बसला होता. "तिथं बोलली ती," तो इंग्रजीत म्हणाला. मग, "मी दर शनिवारी सकाळची पहिली गाडी पकडत जाईन." मला रडू आलं. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं, आणि त्यानं घातला असता तर फार बरं झालं असतं. लेक खिडकीशी बसून काचेवर बोटानं काहीतरी काढत होती.

मार्च उजाडला, तरी शाळेत ती गप्पच होती. मी एकेक सामान वेगळं काढायला लागले होते. त्या दिवसांत शाळेत सराव ठरला, मोठा भूकंप झाल्यावर मुलांना घरच्यांच्या हाती सोपवण्याचा. मी म्हटलं, आता चाललोच आहोत, एक सराव चुकला तर काय बिघडलं? ताई एकदम गंभीर झाल्या. "चुकवू नकोस," त्या म्हणाल्या. "त्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद, फोन बंद. आमचे हे तोक्योत अडकले. मी धावत शाळेत गेले, तर धाकटी इतर मुलांसोबत पटांगणात कुडकुडत बसलेली. कुणाला घ्यायला कोण येणार, कुणाला कळत नव्हतं. अंधार पडला तरी काही मुलं थांबून होती आणि शिक्षक त्यांच्यासोबत. तेव्हापासून शाळा हा सराव खेळ म्हणून करत नाही." त्यांनी मला पद्धतही समजावली. मुलाला आधी विचारतात, घ्यायला कोण आलंय. मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मगच ते सोडतात. शिक्षक आईबापांना कितीही ओळखत असले तरी.

स्वतःच्या तोंडानं! आमची तर पाणीसुद्धा मागत नव्हती.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये मुलं वर्गावर्गानं जमिनीवर बसली होती, डोक्यावर भूकंपात डोकं वाचवायच्या कापसाच्या जाड टोप्या. आम्ही पालक रांगेत. सेन्सेई एकेका मुलाला पुढे बोलवत, शेजारी उकिडवे बसत आणि विचारत, "कोण आलंय?" "आई!" "आजी!" मूल ओरडायचं, सेन्सेई खूण करायचे, मूल जायचं. माझा नंबर आला. लेक उठून पुढे आली.

"कोण आलंय?" सेन्सेईंनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं, तितक्याच शांतपणे. तिनं पुन्हा मान हलवली. माझ्या मागे रांग वाढत होती. माझे कान तापले. हा माणूस माझ्या घरी येऊन गेलाय, चौकात दिसले की मला नमस्कार करतो, आणि आज इथं सगळ्यांसमोर माझ्या मुलीला छळतोय! मी मराठीतच म्हणाले, "अगं, आई म्हण ना नुसतं!" तिचे ओठ घट्ट मिटलेले. सेन्सेईंनी मला हातानं थांबवलं. ते तसेच उकिडवे बसून राहिले, मागे रांग नसल्यासारखे.

आणि ती बोलली. बारीक आवाजात, पण अगदी स्वच्छ जपानीत. "सेन्सेई म्हणाले, काझोकु आलं की घरी जायचं. आमचं काझोकु तिघांचं आहे. बाबा अजून आला नाही."

काझोकु म्हणजे कुटुंब. एवढे शब्द मला आता कळत होते. हॉलमधली तिच्या वर्गातली सगळी पोरं मान वळवून बघायला लागली. कुणीतरी ओरडलं, "बोलली!" शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. सेन्सेईंना म्हणता आलं असतं, अगं हा सराव आहे, आई आलीये, एवढं पुरे. ते म्हणाले, "कळलं. मग थांबू या." त्यांनी आम्हा दोघींना बाजूला बसवलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. पुढच्या मुलाचा आवाज येईपर्यंत मात्र जरा वेळ गेला, कारण सेन्सेई नाक पुसत होते.

मी नवऱ्याला फोन लावला. "ये," मी म्हटलं.

"काय झालं? कुठं लागलं का तिला?"

"बोलली ती. जपानीत. तू आल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणते."

हॉल जवळजवळ रिकामा झाला तेव्हा तो आला, सायकल हाणत, केस पिंजारलेले, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र तसंच. सेन्सेई पुन्हा तिच्या शेजारी उकिडवे बसले. "कोण आलंय?"

"बाबा!" ती ओरडली. रिकाम्या हॉलमध्ये केवढा तरी आवाज झाला.

"सगळे आले?"

"हाइ!"

मग त्यांनी आम्हाला सोडलं. घरी परतताना नवरा सायकल हातानं ढकलत होता, ती आमच्या दोघांच्या मध्ये चालत होती आणि तिचं तोंड थांबत नव्हतं. कुणाची टोपी कशी वाकडी होती, कुणाची आजी जिन्यात कशी अडखळली. चौकात सिग्नल लाल होता. ती एकदम थांबली आणि तिनं वर बाबाकडे बघितलं.

"बाबा, आम्ही ओजिमाला असताना भूकंप झाला, तर तू सायकलवरून येशील?"

ओजिमाला राहायला जायचं, हे आम्ही तिच्याशी कधी बोललो नव्हतो. एक अख्खं वर्ष आम्ही ते सगळं इंग्रजीत बोललो होतो. नवऱ्यानं सायकलचं हॅन्डल घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ओजिमाला कोण चाललंय?" मी म्हटलं. "चल, बाबाचा हात धर. रस्ता ओलांडायचाय."